काळा झालेला कागद कोणाकडे द्यायचा? रुग्णालयांच्या विश्वस्तांना आणि प्रशासकांना खुले पत्र

मा. विश्वस्त आणि प्रशासक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी चित्रकार आहे आणि गेली अकरा वर्षे आठवड्यातली एक दुपार स्वयंसेवक म्हणून रुग्णालयात घालवते. ओळखपत्र गळ्यात अडकवायचे, हात धुवायचे, रंग, कागद आणि ब्रश ठेवलेली ट्रॉली ढकलत वॉर्डात शिरायचे आणि ज्यांना इच्छा असेल त्यांच्यासोबत दीड-दोन तास बसायचे, एवढेच माझे काम. ते मला मनापासून आवडते आणि ते बंद व्हावे असे मी या पत्रात कुठेही सुचवणार नाही. तरीही आपल्याला लिहिते आहे, कारण अलीकडे रुग्णालयांच्या माहितीपत्रकांत आमच्यासारख्यांच्या भेटींचा उल्लेख 'कलोपचार' किंवा 'आर्ट थेरपी' असा होऊ लागला आहे, आणि जिथे प्रशिक्षित कलोपचारक, म्हणजे चित्र, संगीत, नृत्य यांच्या आधारे रुग्णावर रीतसर उपचार करणारी व्यक्ती, नेमायला हवी तिथे 'स्वयंसेवक येतातच की' एवढ्या एका वाक्यावर ते पद मागे पडते आहे. हे वाक्य ज्यांच्या जोरावर उच्चारले जाते त्यांच्यापैकी मी एक आहे. त्यामुळे त्याला हरकत घेण्याचा अधिकारही मला आहे, असे मी समजते.

एक प्रसंग सांगते. रुग्णालयाचे नाव सांगण्याची गरज नाही. अस्थिरोग विभागात एक मध्यमवयीन गृहस्थ होते. अपघातानंतर त्यांचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. त्या दुपारी मी सगळ्यांना सुचवले, "आपल्या ओळखीची एखादी वाट काढा." आज तो विषय आठवला की माझी मलाच लाज वाटते, पाय गमावलेल्या माणसापुढे वाटेचा विषय ठेवताना मला त्यात काही वावगे दिसले नव्हते. त्यांनी शांतपणे एक पायवाट काढली, कडेला झाडे काढली आणि मग काळा खडू उचलून ते ती वाट गिरवू लागले. कागद फाटेपर्यंत गिरवत राहिले. मी गोंधळले. हसून तो कागद बाजूला केला, नवा पुढे ठेवला आणि म्हणाले, "चला, आता काहीतरी प्रसन्न काढू या." गृहस्थ सज्जन होते. त्यांनी माझे मन राखायला उगवता सूर्य काढला, त्याला पिवळी-केशरी किरणे काढली आणि मी समाधानाने ट्रॉली आवरली. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि पुढचे दोन दिवस कोणाशी एक शब्द बोलले नाहीत, हे मला आठवड्याने एका परिचारिकेने जाता जाता सांगितले. तोवर त्यांचा सूर्य चौकटीत बसून बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर लागला होता, आणि खाली पट्टी होती : 'कलोपचाराने फुललेली आशा'.

त्यांचे दुःख माझ्या विषयामुळे जन्मले असे मी म्हणत नाही. पण ते कागदावर उतरले तेव्हा समोर मी बसले होते, आणि मी ते बघायचे टाळले. माझ्या जागी प्रशिक्षित कलोपचारक असत्या तर त्यांनी आधी केस पेपर वाचला असता, निदान परिचारिकेकडून रुग्णाची परिस्थिती समजून घेतली असती, आणि तो विषय त्या माणसापुढे त्या दिवशी ठेवायचा की नाही याचा विचार केला असता. कागद काळा होऊ लागला तेव्हा त्यांनी तो हिरावून घेतला नसता, त्या गिरवण्याच्या वेगाकडे, खडूवरच्या दाबाकडे, श्वासाकडे लक्ष दिले असते, कदाचित गप्प राहिल्या असत्या, कदाचित "ही वाट कुठे जाते?" असे विचारले असते. फाटलेला कागद त्यांनी जपून ठेवला असता, कारण पुढच्या सत्राची सुरुवात तिथूनच व्हायची असते. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संध्याकाळच्या राउंडच्या आधी त्यांनी नोंद लिहून मानसोपचारतज्ज्ञांना आणि फिजिओथेरपिस्टना सांगितले असते. माझ्याकडे नोंद लिहायला वही नव्हती आणि सांगायला माणूस नव्हता. स्वयंसेवकाला रुग्णाचे कागद पाहता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण मग ज्या कामाला ते कागद लागतात ते काम त्याच्याकडून होते आहे असे तरी छापू नये.

बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही दृश्ये सारखीच दिसतात : एक रुग्ण, एक कागद, शेजारी बसलेली एक व्यक्ती. म्हणूनच अंदाजपत्रक करताना एकीच्या जागी दुसरी बसवणे सोपे वाटत असावे.

खरे तर या व्यवसायाच्या इतिहासानेच हा वाद एकदा निकालात काढलेला आहे. एड्रियन हिल हे ब्रिटिश चित्रकार १९३८ साली क्षयरोगामुळे आरोग्यधामात दाखल झाले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी स्वतः चित्रे काढली, मग सोबतच्या रुग्णांना काढायला शिकवली, आणि १९४२ मध्ये 'आर्ट थेरपी' हे नाव त्यांनीच या कामाला दिले. म्हणजे सुरुवात करणारा माणूस आमच्यासारखाच कलावंत होता, त्याच्याकडे उपचाराची कुठलीही पदविका नव्हती. त्याच सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात नर्तकी मॅरियन चेस मनोरुग्णांबरोबर नृत्याचे काम करू लागल्या होत्या. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तर हौशी आणि व्यावसायिक असे दोन्ही प्रकारचे वादक-गायक मोठ्या संख्येने जात होते. सैनिकांवर त्याचा परिणाम दिसू लागला तेव्हा डॉक्टर आणि परिचारिका म्हणू लागल्या की या मंडळींना नोकरीवर घ्या. आणि नोकरीवर घेतल्यावर थोड्याच काळात लक्षात आले की वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी त्यांना शिक्षण मिळायला हवे, कारण चांगले वाजवता येणे आणि युद्धातून परतलेल्या, मनाने खचलेल्या माणसासमोर काय वाजवावे व केव्हा थांबावे हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९४४ साली मिशिगनमध्ये संगीतोपचाराचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला तो या अनुभवातून, आणि १९५० मध्ये संगीतोपचारकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. चित्रोपचारकांची ब्रिटिश संघटना १९६४ ची. आज 'स्वयंसेवक येतातच की' म्हणणारी रुग्णालये ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या टप्प्यावर पुन्हा येऊन उभी आहेत, फरक इतकाच की त्या काळच्या डॉक्टरांनी पुढचे पाऊल टाकले होते.

प्रशिक्षणात असे काय असते, असा प्रश्न मला एका प्रशासकांनी अगदी प्रामाणिकपणे विचारला होता. अमेरिकेत संगीतोपचारकाला पदवी घेताना १,२०० तासांचे प्रत्यक्ष उपचार-प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. ब्रिटनमध्ये चित्र, संगीत आणि नाट्य या तिन्ही क्षेत्रांतील उपचारकांची पदनामे कायद्याने संरक्षित आहेत आणि नोंदणी नसलेल्या व्यक्तीने ती लावणे हा गुन्हा ठरतो. मानसशास्त्र, विकासाचे टप्पे, आजारांची लक्षणे व औषधांचे परिणाम, स्वतःच्या भावना रुग्णावर न लादण्याचा सराव, आणि नोकरीत रुजू झाल्यानंतरही ज्येष्ठ उपचारकाकडे नियमितपणे जाऊन आपल्या कामाची उलटतपासणी करून घेणे, हे सगळे त्यात येते. यातल्या शेवटच्या गोष्टीचा मला हेवा वाटतो. त्या काळ्या कागदानंतर मला कोणाकडे तरी जाऊन बसायचे होते.

एक उदाहरण असे आहे की ज्यात दोन्ही भूमिकांचा फरक कोणालाही चटकन उमगेल. पक्षाघातानंतर काही रुग्णांची वाचा जाते. त्यांना समोरच्याचे बोलणे बऱ्यापैकी कळते, पण शब्द ओठांवर येत नाही. अशा रुग्णाजवळ स्वयंसेवक गायकाने ओळखीचे गाणे सुरू केले की पुष्कळदा तो रुग्ण शब्दांसकट गाऊ लागतो. नातेवाइकांच्या डोळ्यांत पाणी येते, सारा वॉर्ड जमतो, आणि तो क्षण खरोखरच मोलाचा असतो. पण गाणे संपले की रुग्णाला पाणी मागता येत नाही. पाठ असलेले गाणे गाता येण्याने नवे वाक्य बोलता येत नाही, आणि कितीही गाणी गायली तरी तेवढ्याने ते येणार नाही. या निरीक्षणावर उभी राहिलेली उपचारपद्धती १९७३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी मांडली : रोजच्या वापरातले छोटे वाक्य दोन सुरांत लांबवून म्हणायचे, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका द्यायचा, आधी उपचारकाबरोबर, मग त्याच्यामागून, मग एकट्याने, आणि हळूहळू सूर काढून घेत साध्या बोलण्याकडे यायचे. हे आठवड्यांमागून आठवडे, जवळजवळ रोज करावे लागते. कोणत्या रुग्णाला ते लागू पडेल हे आधी तपासावे लागते, आणि वाचातज्ज्ञांशी सतत बोलत राहावे लागते. अमेरिकी लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स २०११ मध्ये डोक्याला गोळी लागून वाचा गमावल्यावर पुन्हा बोलायला शिकल्या, त्यात वाचोपचाराबरोबर संगीतोपचाराचाही वाटा होता, हे सर्वज्ञात आहे. गाणाऱ्या स्वयंसेवकाने दाखवून दिले की दार उघडू शकते. त्यातून रुग्णाला बाहेर आणण्याचे काम मात्र दर आठवड्याच्या तासाभराच्या भेटीत होणारे नाही.

नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात तर चांगल्या हेतूने केलेले गाणेही जड होऊ शकते. तिथला आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस आहे, आणि हे प्रमाण साध्या बोलण्यापेक्षाही कमी आहे. अपुऱ्या दिवसांचे बाळ थकले की रडतेच असे नाही. ते बोटे ताठ पसरते, उचक्या देते, त्याचा रंग बदलतो, आणि हे ज्याला वाचता येत नाही त्याला बाळ गाणे ऐकते आहे असेच वाटते. अमेरिकेतील संगीतोपचारक जोअन लोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अकरा रुग्णालयांतील २७२ बाळांना प्रत्यक्ष वाजवलेले, गर्भातल्या आवाजाशी आणि हृदयाच्या ठोक्याशी मिळतेजुळते नाद व आईवडिलांनी निवडलेले गाणे ऐकवले गेले, आणि बाळांच्या हृदयगतीत, चोखण्यात आणि झोपेत इष्ट फरक दिसले. हे सारे प्रशिक्षित संगीतोपचारकांच्या देखरेखीखाली, बाळाच्या श्वासाशी जुळवून घेत झाले होते. या अभ्यासाचा दाखला देऊन कोणी वॉर्डात स्पीकर बसवला, तर त्याने अभ्यासाचे फक्त शीर्षक वाचले असे म्हणावे लागेल.

असेच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाचे होते. कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा त्यात आढावा आहे आणि स्वयंसेवक योजनेच्या प्रत्येक प्रस्तावाला तो हल्ली जोडलेला दिसतो. पण त्यात समूहगानापासून संग्रहालयाच्या भेटीपर्यंत आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या संगीतापासून मनोविकारांवरील कलोपचारापर्यंत सर्व काही एकत्र आलेले आहे. त्यातला कोणता फायदा कोणाच्या हातून झाला, हे न पाहता सगळे श्रेय ट्रॉली ढकलणाऱ्या माझ्यासारखीच्या पदरात टाकणे बरोबर नाही.

दुसऱ्या बाजूलाही न्याय द्यायला हवा, आणि कलोपचारक मित्रमंडळींना हे आवडणार नाही. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. गटात दिलेला चित्रोपचार, साधे विरंगुळ्याचे गट आणि नेहमीचे उपचार यांची तुलना केली असता चित्रोपचाराचा वेगळा लाभ दिसला नाही. बरेच रुग्ण सत्रांना फारसे आलेही नव्हते. 'पाहा, पगारी माणसाची गरजच नाही' असे हा अभ्यास पुढे करून म्हणता येईल, आणि कोणी म्हणालेही असेल. मी त्याचा अर्थ असा घेते की सरसकट सगळ्यांना एका खोलीत बसवून दर आठवड्याला कागद वाटणे, मग ते पदवीधराने का वाटेनात, फार उपयोगाचे नाही. कोणाला कशाची गरज आहे हे आधी ओळखावे लागते. ते ओळखण्यासाठीच वॉर्डाचा भाग असलेली, रोज येणारी, डॉक्टरांच्या बैठकीत बसणारी व्यक्ती लागते. बहुतेक रुग्णांना उपचाराची नव्हे, कंटाळा घालवण्याची गरज असते, आणि तिथे आम्ही पुरेसे आहोत. पण दहा जणांत एखाद्याला उपचाराचीच गरज असते, आणि तो कोणता हे दारातून पाहून कळत नाही.

आता पैशाविषयी, कारण मुद्दा शेवटी तिथेच येऊन थांबतो. स्वयंसेवक फुकट पडतो हा समज आपल्या हिशेबनीसांनी एकदा तपासून पाहावा. आमची पार्श्वभूमी तपासणे, आरोग्य तपासणी, संसर्ग-नियंत्रणाचे शिक्षण, विमा, साहित्य, आमचे वेळापत्रक सांभाळणारा एक समन्वयक, आणि आम्ही मध्येच सोडून गेलो की हे सगळे पुन्हा पहिल्यापासून. आमची परीक्षा असते, घरचे आजारपण असते, नोकरी बदलते, आणि मग वाट पाहत बसलेल्या रुग्णाला 'या आठवड्यात ताई आल्या नाहीत' एवढेच कळते. रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात वापरलेले ब्रश, ओली माती आणि सुकी पाने नेऊ नयेत, कारण त्यांतल्या बुरशीचा आणि जंतूंचा धोका प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला असतो, हे मला तिसऱ्या वर्षी योगायोगाने कळले. त्याआधी मी काय काय नेले असेन याचा विचार करणे मी सोडून दिले आहे.

आणखी एक प्रकार मला खटकतो. संगीतोपचाराचे रीतसर शिक्षण घेतलेल्या माझ्या ओळखीच्या एका तरुणीला एका मोठ्या रुग्णालयाने सांगितले, "आधी सहा महिने सेवा म्हणून या, मग बघू." ती गेली. सहा महिन्यांचे दीड वर्ष झाले. या काळात देणगीदार भेटीला आले की स्वागताला गिटार घेऊन तिला उभे केले जाई, आणि एकदा तर चालू सत्रातून उठवून नेले गेले. फिजिओथेरपिस्टला किंवा आहारतज्ज्ञाला आपण असे सांगाल का? तिने आता हे क्षेत्र सोडले आहे, आणि तिच्या जागी जे स्वयंसेवक गायक येतात त्यांचे फोटो त्याच माहितीपत्रकात 'म्युझिक थेरपी' या मथळ्याखाली छापलेले आहेत.

फोटोंचा विषय निघालाच आहे तर भिंतीवरच्या चित्रांबद्दलही लिहिते. उपचाराच्या सत्रात निघालेले चित्र हे रुग्णाच्या नोंदीइतकेच खासगी असते. त्याच्या रक्ततपासणीचा अहवाल चौकट करून कोणी बाह्यरुग्ण विभागात लावणार नाही. स्वयंसेवकांच्या तासाला काढलेली चित्रे लावायला हरकत नाही, पण त्यासाठीही रुग्णाची लेखी संमती हवी, आणि ती चित्र काढून झाल्याबरोबर, तो भारावलेला असताना घेऊ नये. त्या गृहस्थांना सूर्याबद्दल कोणी विचारले होते की नाही, हे मी नंतर कार्यालयात विचारले तेव्हा समोरच्या व्यक्तीला प्रश्नच कळला नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक रुग्णालयाने एकदम विभाग उघडावा असे मी म्हणत नाही. एक अर्धवेळ पद निर्माण करा, आणि जिथे गरज उघड दिसते असा एकच वॉर्ड त्यासाठी निवडा, मग तो भाजलेल्या मुलांचा असो, पक्षाघाताच्या पुनर्वसनाचा असो किंवा कर्करोगाचा असो. नेमणूक करताना शिक्षण, पर्यवेक्षणाखालचे तास आणि कोणत्या व्यावसायिक संघटनेची नोंदणी आहे हे तपासा. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र दाखवून स्वतःला थेरपिस्ट म्हणवणारे पुष्कळ आहेत. त्या व्यक्तीला डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या बैठकीत जागा द्या आणि केस पेपरवर लिहिण्याचा अधिकार द्या. आम्हा स्वयंसेवकांना तिच्या हाताखाली द्या : आम्हाला कोणत्या वॉर्डात काय न्यावे, कोणता विषय टाळावा, एखादा रुग्ण रडू लागला, चिडला किंवा एकाएकी गप्प झाला तर काय करावे, हे ती सांगेल, आणि जिथे आमची मर्यादा संपते तिथून पुढे ती सांभाळेल. आणि माहितीपत्रकात आमच्या तासाला 'कलेचा तास' म्हणा, 'विरंगुळा' म्हणा, आम्हाला कमीपणा वाटणार नाही. 'उपचार' हा शब्द मात्र जो उपचाराची जबाबदारी घेतो त्याच्यासाठी राखून ठेवा.

येत्या आठवड्यात नेहमीच्या वेळी मी ट्रॉली घेऊन येईनच. त्या दिवशी पुन्हा एखादा कागद काळा झाला तर तो मी कोणाकडे द्यायचा, त्या व्यक्तीचे नाव आणि तिच्या बसण्याची खोली मला ओळखपत्र देतानाच कळवावी, एवढी विनंती.

आपली,
एक स्वयंसेवक चित्रकार